पिंप लवकर येत होतं

रॉकेट उपग्रहाला जागेवर सोडतं, पण रॉकेटचा इंधन संपलेला रिकामा टप्पा पृथ्वीभोवती फिरत राहतो. अशाच एका टप्प्याचा माग आमचं केंद्र ठेवत होतं. आम्ही त्याला पिंप म्हणायचो. ते कधी खाली येईल हे सांगायचं काम माझं आणि ताईचं. ताई म्हणजे माझी मावसबहीण. तिनेच मला इथे चिकटवलं होतं. दोघीही तात्पुरत्या, आणि कायमची जागा एकच.

संध्याकाळी गच्चीवरच्या दुर्बिणीतून पिंप ठरावीक ताऱ्याजवळून जाण्याची वेळ मी टिपायचे. ते अंदाजापेक्षा जरा आधी येऊ लागलं, तेव्हा मी ताईला विचारलं.

"अगं, घड्याळ मागे पडतंय तुझं. तेवढी दुरुस्ती घाल अहवालात. लगेच शोध लावायला निघाली!"

मी हसले आणि दुरुस्ती घातली. पिंप आणखी लवकर येत गेलं, मी दुरुस्ती वाढवत गेले.

एकदा ढगांनी पिंप हुकवलं. आभाळ निवळल्यावर सहज म्हणून खूप उंचावरच्या एका उपग्रहाची वेळ घेतली. तो दुरुस्तीशिवायच अगदी वेळेवर आला. घड्याळ मागे असतं, तर तोही लवकर आलेला दिसला असता. म्हणजे पिंपच खाली घसरत होतं. कक्षा लहान झाली की फेरी लवकर संपते.

सकाळी हे ताईला सांगायला मी धावतच गेले. ती केंद्रप्रमुख सरांच्या खोलीत होती. पडद्यावर घसरत्या कक्षेचा आलेख होता आणि त्यावरचे ठिपके मी लगेच ओळखले. माझ्याच वेळा, दुरुस्ती न घातलेल्या.

"सर, ही निरीक्षणं माझी आहेत."

"तुझ्या अहवालात तर पिंप आहे तिथेच आहे."

"त्यात घड्याळाची दुरुस्ती धरलीये."

"घड्याळ तपासलं होतंस?"

"नाही. ताई म्हणाली म्हणून..."

असं उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असतं, तर मीही ऐकून घेतलं नसतं. मी ताईकडे पाहिलं. तिच्या एका वाक्याने भागलं असतं.

"नवीन आहे हो ती, सर," ताई मायेने म्हणाली. "शिकेल. मी आहे ना."

सरांनी मान डोलावली. "कायमच्या जागेसाठी तुझं नाव आजच वर कळवतो," ते तिला म्हणाले.

बाहेर आल्यावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फुगू नकोस गं. मिळणार होती एकीलाच. घरातच राहिली ना?"

"तू मला मुद्दाम खोटं सांगितलंस."

"आणि तू मुकाट ऐकलंस. थांब, मावशीला मीच सांगते. तू रडशील."

तिने फोन लावलासुद्धा. माझ्या आईचा हरखलेला आवाज मला तिथे उभ्या उभ्या ऐकू आला. "शाब्बास गं माझी बाय! आता आमच्या धाकटीलाही सांभाळून घे हो."

"घेते की," ताई म्हणाली.