विहिरीतली सासू

"भूत तू झाली होतीस, आणि घाबरतेसही तूच? लाज कशी वाटत नाही गं तुला?"

सकाळी सकाळी थोरली शिडीच्या दारात उभी राहून तोंडाचा पट्टा चालवत होती. शिडी म्हणजे गावातल्या मजूर बायांच्या टोळीची म्होरकी. अंगानं काटकुळी, उंचीनं दारात न मावणारी, म्हणून शिडी. तिच्या शब्दावर टोळी उठायची आणि तिच्याच शब्दावर बसायची. सध्या टोळी बसलेली होती, आणि थोरलीच्या रानात भुईमूग उपटायला आला होता.

"ओरडू नका वहिनी," शिडी अंगण झाडायचं थांबवून म्हणाली. "मी झाले होते, नाही कोण म्हणतंय? पण टीव्हीत जी दिसली ना, ती मी नव्हते."

"मग कोण होती?"

"तुमच्या सासूबाई," शिडी आवाज खाली आणून म्हणाली, आणि झाडू तिथंच टाकून आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

थोरली बंद दाराकडं बघत राहिली. रानात भुईमुगाचा पाला पिवळा पडला होता, जमिनीत अजून ओल होती. अशा ओलीत वेल धरून ओढला की शेंगांचा घोस अलगद वर येतो. ऊन आणखी तापलं की माती आवळते, वेल हातात येतो आणि शेंगा खालीच राहतात. आणि पाऊस आला तर विचारूच नका, शेंगांना जमिनीतच मोड फुटतात. नवरा-बायको दोघांच्या चार हातांनी एवढं रान निघणं शक्य नव्हतं. वर्षाचं पीक डोळ्यांदेखत जाणार, आणि का, तर गाव भुताला भ्यायलं म्हणून.

त्या भुताचा जन्म सगळ्या गावासमोर झाला होता, भर दुपारी.

गेल्या थंडीत एक गाडी आली. गाडीतून एक टोपीवाला पोरगा उतरला, जिभेवर नुसती साखर. "मावशी, जुन्या विहिरींवर कार्यक्रम करतोय. तुमची विहीर काय सुंदर आहे हो!" विहिरीला सुंदर म्हणणारा माणूस थोरलीनं पहिल्यांदाच पाहिला. ती पाघळली. करा म्हणाली, जेवूनही जा म्हणाली.

विहीर म्हटली की गमतीला भूत हवंच, असं तो म्हणाला, आणि भूत व्हायला कुणीतरी उंच बाई हवी होती. शिडीला पांढरी चादर गुंडाळली, केस सोडले, तोंडाला पीठ फासलं. पीठ नाकात गेलं आणि भुताला शिंका सुरू झाल्या. शिंका थांबल्या तर हसू सुरू झालं. टोपीवाला हात जोडून म्हणत होता, "मावशी, भूत हसत नाही हो!" निम्मं गाव कॅमेऱ्यामागं उभं राहून पोट धरत होतं. गावचा पुढारी स्वतः उन्हात चमकता पत्रा धरून उभा होता, भुताच्या तोंडावर उजेड नीट पडावा म्हणून. एवढ्या निष्ठेनं त्यानं गावाचं काम कधी केलं नव्हतं.

जेवताना टोपीवाल्याला भिंतीवरचा सासूचा फोटो दिसला. "काय तेज आहे चेहऱ्यावर! एक फोटो घेऊ?" थोरलीनं पदरानं काच पुसून दिली. म्हातारी हयात असती तर तिनं त्याला आधी दहा प्रश्न विचारले असते. थोरलीनं एकही विचारला नाही.

सासू-सुनेचं पटत होतं असं कुणी म्हणणार नाही. दोघींची भांडणं पार शेजारच्या रानात ऐकू जायची. पण म्हातारी तापानं अंथरुणाला खिळली तेव्हा थोरलीनंच तिला चमच्यानं भरवलं, कूस बदलून दिली, अंग पुसलं. चहात साखर कमी पडली अशी तक्रार करून म्हातारीनं डोळे मिटले. सगळं गाव दारात होतं. पुढाऱ्यानं खांदा दिला होता. शिडी तर थोरलीच्या गळ्यात पडून रडली होती.

आणि मग एका शनिवारी कार्यक्रम लागला.

पडदाभर लाल अक्षरं आली: सत्य घटनेवर आधारित. दुपारची रात्र झाली होती. विहिरीवर घुबड ओरडत होतं. कुणा गोऱ्यापान नटीनं, भुवया कोरलेल्या, थोरलीच्या विहिरीच्या काठावरून एका म्हातारीला खाली ढकललं आणि खदाखदा हसली. मग शिडी वर आली, पाण्यातून, न शिंकता. शेवटी म्हातारीचा फोटो. डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली, पण ते पुढं आलेले दोन दात गावात दुसऱ्या कुणाचे नव्हते.

थोरलीचा हात तोंडाकडं गेला तो तिथंच राहिला. नवरा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ गोठ्यात बसून राहिला.

पुढच्या दिवसांत गाव बदललं. वाईट कुणी बोललं नाही, उलट सगळे जास्तच गोड बोलू लागले. थोरलीनं प्यायला पाणी दिलं तर बाया आधी भांड्यात डोकावून बघायच्या. तिनं पुढाऱ्याला रस्त्यात धरलं.

"तुम्ही खांदा दिलात की माझ्या सासूला! तापानं गेली ती, तुम्ही बघितलंत!"

"बघितलं की," पुढारी म्हणाला. "पण घराच्या आतलं कुणाला माहीत? एवढ्या मोठ्या लोकांनी दाखवलं, काहीतरी शोधूनच दाखवलं असणार ना."

"अहो, पत्रा तुम्ही धरला होता!"

"तो मी धरला, बरोबर आहे. पण मला कुठं माहीत होतं तेव्हा, एवढं सगळं झालंय म्हणून?"

स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं आणि पेटीत बघितलेलं खरं, असा नवाच कायदा गावात लागू झाला होता. थोरलीला सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला. तो कार्यक्रम ती दर शनिवारी चवीनं बघायची. मागं एकदा कुठल्याशा गिरणीवाल्याच्या बायकोनं नवऱ्याला विष घातल्याचं दाखवलं होतं. तेव्हा थोरली म्हणाली होती, "बघा, तोंडावरून कळतंच अशा बायांचं." ती बिचारी आता कुठं असेल, तिच्या दळणाला कुणी येत असेल का, हा विचार तिच्या मनात आता पहिल्यांदा आला. तिला त्या बाईची माफी मागावीशी वाटली, पण बाईचा पत्ता तरी कुठं ठाऊक होता?

हळूहळू बाहेरगावची पोरं गाड्या घेऊन यायला लागली. विहिरीच्या काठावर उभी राहून फोटो काढायची, आत वाकून "म्हातारे!" अशी हाक मारायची आणि भुईमुगाचे वेल तुडवत परत जायची. चहावाल्यानं टपरी थोरलीच्या बांधापर्यंत सरकवली. पुढाऱ्यानं रस्त्यावर बाणाची पाटी लावली. भूत गावाला चांगलं मानवलं होतं.

शिडीच्या दारातून परतल्यावर थोरलीनं शेवटी टोपीवाल्याला फोन लावला.

"मावशी!" तो आनंदानं ओरडला. "काय चाललाय तुमचा भाग! लोकांना फार आवडला!"

"माझी सासू तापानं गेली बाबा."

"हो, हो. पण तापानं गेलेल्याचं कोण बघणार, मावशी?"

"मी तिला ढकललं म्हणतात सगळे."

"आम्ही तुमचं नाव कुठं घेतलंय? फोटोच्या डोळ्यांवर पट्टी मारली, बघितलीत ना? आम्ही फार जबाबदारीनं करतो सगळं."

"पट्टी दातांवर मारायची होती," थोरली म्हणाली. "गाव तिला दातांवरून ओळखायचं. मजूर येत नाहीत रे माझ्या रानात. आभाळ भरून यायला लागलंय. तू एकदा इथं येऊन लोकांना सांग, की हे आम्ही मनानं रचलं."

मग तो म्हणाला, "मावशी, तसं सांगितलं तर पुढचा भाग कोण बघेल?" आणि फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. उकाडा असा की बैलही सावली सोडेनात. पश्चिमेला काळपट ढग येऊन बसला. थोरली आणि नवरा पहाटेपासून ओणवे होऊन वेल उपटत होते. ऊन डोक्यावर आलं तरी रानाचा जेमतेम एक कोपरा मोकळा झाला होता. नवरा कमरेवर हात देऊन उभा राहिला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "जेवढं निघेल तेवढं आपलं."

थोरलीनं हातातला वेल झटकला. माती गळली, खाली भरलेल्या शेंगा लोंबत होत्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं वेल खाली टाकला, हात धुतले आणि गावाकडं चालू लागली.

गिरणीवर दळणाला बायांची रांग होती. रांगेत शिडीही होती. थोरली मधोमध जाऊन बसली आणि तिनं हंबरडा फोडला. गिरणीवाल्यानं घाबरून गिरणी बंद केली.

"सासूबाई आल्या होत्या," थोरली म्हणाली. "रानात, आत्ता, भर उन्हात."

बाया दळणाचे डबे सोडून तिच्याभोवती गोळा झाल्या.

"म्हणाल्या, माझ्या शेंगा जमिनीत कुजायला लागल्यात. उद्या कोण कोण उपटायला येतंय ते काठावर बसून बघते. जी येणार नाही, तिच्या घरी मुक्कामाला जाते म्हणाल्या."

म्हातारी जिवंतपणी ज्या घरी मुक्कामाला जायची, तिथली माणसं महिनाभर सावरत नसत. मेल्यावर तर ती किती दिवस राहील याला काही धरबंध नव्हता.

"कुणाचं नाव घेतलं का त्यांनी?" शिडीनं चिरक्या आवाजात विचारलं.

थोरलीनं तिच्याकडं नुसतं बघितलं. शिडी दळण तिथंच टाकून टोळी गोळा करायला पळाली.

घरी नवऱ्यानं हे ऐकलं आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं. "माझ्या आईच्या नावानं हा धंदा? त्यांनी केला तो पुरे नव्हता?"

"नव्हता," थोरली म्हणाली. "त्यांनी तिला वापरून आपलं रान बुडवलं, मी तिला वापरून वाचवते. ती असती तर तिनं स्वतःच जाऊन धमकी दिली असती." तिनं ताट परत त्याच्यापुढं सरकवलं, पण स्वतःचं ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत रान माणसांनी भरलं. टोळी आली, टोळीचे नवरे आले. पुढाऱ्याची बायको आली, जिनं लग्नानंतर मातीला हात लावला नव्हता. कुणी विहिरीकडं पाठ करेना आणि कुणी विहिरीकडं बघेना, त्यामुळं सगळे खेकड्यासारखे आडवे सरकत काम करत होते. बोलणं नाही, तंबाखू नाही, सावलीत टेकणं नाही. वेल सपासप निघत होते, माती झटकली जात होती, घोस उन्हात पसरले जात होते. एवढं चोख काम थोरलीनं सबंध आयुष्यात पाहिलं नव्हतं. ढग अजून डोंगरापलीकडं होता तेव्हा शेवटचा वेल निघाला. शेंगा छपराखाली गेल्या आणि मग पाऊस आला, मोकळ्या रानावर धो धो कोसळला.

छपराखाली सगळे अंग चोरून उभे होते. थोरलीनं शेंगांच्या ढिगात हात खुपसला. कोरड्या होत्या. तिला एकदम भरून आलं. एवढ्या माणसांनी राबून दिलेलं पीक, आणि त्यांना आपण फसवलं. तिला राहवेना.

"ऐका गं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. सासूबाई आल्या नव्हत्या, कुणी काही म्हणालं नाही. मी मनानं रचलं सगळं. भूतबीत काही नाही, आणि मी कुणाला ढकललंही नाही."

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. मग शिडी पुढं आली, तिनं थोरलीच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.

"तुम्हाला असं म्हणावंच लागत असणार वहिनी, आम्ही समजतो," ती म्हणाली. "टीव्हीवरही सगळं संपल्यावर बारीक अक्षरात लिहून येतं, हे सगळं काल्पनिक आहे म्हणून. ते काय कुणी खरं धरतं?"