तापसाचे घरटे

चष्मेवाल्यांशी वादात पडू नये, असे पक्षिमंडळातले सगळेच म्हणत. आणि तरीही दर रविवारी त्यांच्या दुकानामागच्या खोलीत, भिंगे घासण्याच्या यंत्राभोवती दाटीवाटीने बसून सगळेच पडत. मंडळाचे नियम त्यांनीच घालून दिले होते. घरट्याजवळ बोलायचे नाही, त्याचा ठावठिकाणा बाहेर सांगायचा नाही, आणि भोवतालच्या गवताच्या एका पात्यालाही हात लावायचा नाही. या शेवटच्या नियमापायी त्यांनी एका जुन्या सभासदाला हाकलून दिले होते. बिचाऱ्याने छायाचित्र नीट यावे म्हणून एक डहाळी वाकवली होती, इतकेच.

बंद गिरणीमागची पाणथळ बुजवून तेथे मालमोटारींचा तळ करायचे ठरले, तेव्हापासून मंडळाच्या तोंडचे पाणी पळाले होते. आशा एकच उरली होती. पाणकणसाच्या दाट बेटात तापसाने घरटे केले होते. तापस हा बगळ्याच्याच कुळातला, पण कमालीचा बुजरा. चाहूल लागली की मान ताणून, चोच आभाळाकडे करून असा निश्चल उभा राहतो, की तो आणि पाणकणसाचे ताट यांत फरक करता येत नाही. त्याची वीण चालू असल्याचे पाहणी अधिकाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर भराव थांबणार होता.

"मी बांधावर उभा राहीन," अधिकाऱ्याने फोनवर बजावले. "तिथून दिसलं तर दिसलं. चिखलात उतरायला माझे गुडघे तयार नाहीत."

"दिसू नये म्हणूनच तर तो तिथं राहतो!" मंडळातले निवृत्त पोस्टमास्तर कडाडले. "आता त्याला काय तार करायची, साहेब येताहेत, जरा पुढं सरका म्हणून?"

पाहणीच्या आदल्या दुपारी चष्मेवाले भाचीला घेऊन पाण्यात उतरले. ही त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. दुर्बीण धरायला त्यांच्याकडूनच शिकलेली. चष्मा गळ्यात अडकवायच्या काळ्या दोऱ्या त्यांनी दुकानातून आणल्या होत्या. घरट्यापुढचे पाणकणीस दोन्ही बाजूंना वाकवून त्यांनी त्या दोऱ्यांनी बांधले, आणि बांधाच्या दिशेला एक खिडकीच उघडली.

"मामा, गवताला हात लावायचा नाही, हा नियम कोणाचा?"

"माझाच. पण नियम पक्ष्यासाठी आहे, पक्षी नियमासाठी नाही. पाणथळच उरली नाही, तर नियम काय मालमोटारींना लावशील?"

बांधावर येऊन भाचीने दुर्बिणीला डोळा लावला आणि तिला हसू आवरेना. घरट्यात पिल्ले होती. अंगावर धड पिसेही नव्हती. पण सगळ्यांनी चोची आभाळाकडे करून, आपण कोणाला दिसतच नाही अशा थाटात बैठक मारली होती.

"संध्याकाळी सोडून टाकू या, मामा. सकाळी परत बांधू."

"म्हणजे आणखी दोनदा आत जायचं, दोनदा त्यांच्या आईला उठवायचं. एकदा दिला तेवढा त्रास पुरे नाही का?"

मुद्दा बिनतोड होता. त्यांचे सगळेच मुद्दे बिनतोड असत.

सकाळी बांधावर पोहोचताच त्यांनी दुर्बिणीतून पाहिले. मग खिशातला रुमाल काढून भिंग पुसले, पुन्हा पाहिले. भिंगावर काही नव्हते. घरट्याच्या काठावर एक कावळा बसला होता. काम उरकलेल्या माणसाच्या सवडीने त्याने चोच ताटाला घासली आणि तो उडून गेला.

अधिकारी धापा टाकत आला. बराच वेळ पाहत राहिला.

"घरटं आहे. पण रिकामं."

"काल पिल्लं होती हो त्यात!" पोस्टमास्तर म्हणाले.

"काल काय होतं ते मला लिहिता येत नाही. आज वीण चालू आहे का, एवढंच मला विचारलंय." तो पुन्हा वाकला. "हे गवत कोणीतरी बांधलंय."

"बघा! गिरणीमालकाची माणसं! मुद्दाम उघडं पाडलं! लिहा साहेब, लिहा!" पोस्टमास्तर ओरडले.

अधिकारी ताठ उभा राहिला. "तसं असेल, तर गोष्ट वेगळी. वीण मुद्दाम मोडली असेल, तर काम मी आजच थांबवतो. पण कोणीतरी तसं सांगायला हवं. कोणाला काही माहीत आहे?"

सगळ्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिले. भाची तेवढी आपल्या पायांवरच्या वाळल्या चिखलाकडे पाहत होती.

"बोला की," पोस्टमास्तरांनी कोपराने ढोसले. "एरवी तुमचं तोंड बंद करायला माणसं लावावी लागतात."

एक होकार पुरला असता.

"मी बांधलं," चष्मेवाले म्हणाले. "कारण..."

त्या शब्दापुढे आजवर त्यांना कधी थांबावे लागले नव्हते.

"आम्ही दोघांनी बांधलं," भाची म्हणाली.

अधिकाऱ्याने कपाळावरचा घाम पुसला. "कशाला बोललात हो?" तो हळू आवाजात म्हणाला, आणि मान खाली घालून बांध उतरून गेला.

पोस्टमास्तरांनी गळ्यातली दुर्बीण काढली. तिलाही तशीच काळी दोरी होती, चष्मेवाल्यांनीच घातलेली. ती दोरी सोडवून त्यांनी चष्मेवाल्यांच्या हातावर ठेवली आणि ते गेले. मागोमाग एकेक करून सगळेच पांगले.

गिरणीच्या बाजूने मातीच्या गाड्यांची घरघर ऐकू येऊ लागली, तेव्हा चष्मेवाले पाण्यात उतरले. निदान गवत तरी मोकळे करावे. त्यांनी गाठी सोडल्या. पाणकणीस वर आले नाही. वाकवलेल्या जागी प्रत्येक ताट पिचले होते.

"मामा," बांधावरून भाचीचा दबका आवाज आला. "हलू नका."

घरट्यामागे मादी उभी होती. मान ताणलेली, चोच आभाळाकडे. तिच्या पुढे, डाव्या-उजव्या हाताला, आडोसा म्हणून एक पातेही उरले नव्हते. गिरणीच्या फाटकातूनही ती दिसली असती. मागे पहिली गाडी रिकामी झाल्याचा धडाका झाला, पाणी हेलकावले, आणि ती आणखी थोडी ताठ झाली.