आधी मेलेला टॉम

इंग्रजीच्या धास्तीनं मी इतका वाळलो होतो, की त्या साली फाल्गुनात वावटळ सुटली म्हणजे आई मला खांबाला धरून उभं राहायला सांगायची. गंमत वाटते तुम्हाला. माझ्या डोळ्यांदेखत एक धोतर आणि शेजारच्या अमृतप्पाचं अर्धं छप्पर त्या वाऱ्यानं गेलं, आणि त्या दोघांपेक्षा मी हलका होतो.

साल पन्नासचं. मादन हिप्परग्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. रझाकारीच्या दिवसांत अप्पानं आम्हाला सगळ्यांना तुरीच्या पिकात अकरा दिवस लपवलं होतं. तिथं चिखलात बसून तो नवस बोलला, "घरची सगळी जित्ती राहिली तर थोरला मठाला." सगळी राहिली. लंगडी गायसुद्धा आपल्या पायानं घरी आली. थोरला मी.

आम्ही जंगम. मठाला मुलगा देणं आमच्यात जगावेगळं नाही. कुणाच्या तरी घरचा जातोच, आणि पुढं त्याच्या पायावर त्याचा बापही डोकं ठेवतो. तो मुलगा मी नसावा, एवढंच माझं म्हणणं. मला गुलबर्ग्याच्या स्टेशनावर तिकीटबाबू व्हायचं होतं. मी एकदा त्याला पाहिलं होतं. काळा कोट घालून इवल्याशा खिडकीमागं बसलेला. भलेभले पागोटेवाले त्या खिडकीपुढं वाकत होते. भगवं न नेसताही माणसं आपल्यापुढं वाकतात, हे मला तिथं कळलं.

अप्पा मला घेऊन मठात गेला तेव्हा स्वामीजींनी मला नखशिखांत न्याहाळलं. बाजारात गिऱ्हाईक गोऱ्ह्याचे दात बघतं, तसं. त्यांचा देह पहाडासारखा, बोलणं मात्र हळू.

"मॅट्रिक होऊ दे त्याची," ते म्हणाले. "पास झाला तर जगाचा. नापास झाला तर माझा."

बाकीच्या विषयांचं भय नव्हतं. इंग्रजीचं होतं. दोन वर्षांमागंपर्यंत आमची शाळा उर्दूत चालायची. गणित उर्दूत, इतिहास उर्दूत. इंग्रजीला एक मास्तर होते, ते गडबडीच्या दिवसांत गेले ते गेलेच. पुढं शाळा उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. शेवटी हेडमास्तरांचं कार्ड आलं, की मुलांनी घरीच तयारी करावी, शाळा बंद राहिल्यामुळं पुस्तकाच्या पहिल्या दहा धड्यांवरच प्रश्न येतील.

पुस्तक मात्र नव्हतं. अप्पानं तहसीलच्या एका कारकुनाकडून जुनं मिळवलं. ना पुठ्ठा ना शिवण, नुसती सुटी पानं, आणि वरची कड उधईनं खाल्लेली. अप्पानं ती कड कात्रीनं सरळ कापली, त्यात पानांचे आणि धड्यांचे आकडे गेले. मग पानं नीट रचून दाभणानं शिवली आणि पोत्याचं कापड डकवून माझ्या हातात दिली.

"घे. कलेक्टर हो न्हाईतर जगद्गुरू हो."

धाकटी बहीण नागव्वा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "अण्णा, तू मठात गेलास की तुझ्या वाट्याचं अंथरूण मला हं."

घरात लहानग्यांचा कालवा, म्हणून अभ्यासाला मठाची ओसरी ठरली. तिथं समोरच्या कोनाड्यात एक जोड होता. नव्या, शिसवी खडावा. माझ्या मापाच्या. माप कुणी, कधी घेतलं, देव जाणे. त्यांची टोकं माझ्याकडं असायची. संध्याकाळी जाताना मी त्या भिंतीकडं तोंड करून ठेवायचो. सकाळी येऊन बघावं, तर पुन्हा माझ्याकडं! आणि पाठांतरात चुकलो की कोनाड्यातून टक् असा आवाज यायचा. लाकूड उन्हानं वाजतं, असं शहाणे लोक म्हणतात. म्हणोत. माझ्या अंगावर तेव्हा काटा यायचा तो अजून पुरता बसलेला नाही.

"मोठ्यानं म्हण," स्वामीजी सांगायचे. शेजारी डोळे मिटून बसायचे. मी चार महिने मोठ्यानं म्हटलं. मठातली म्हैस पहिल्या आठवड्यातच आटली.

धडे भयंकर होते. एक टॉम नावाच्या गलबतवाल्याचा. उघडल्या पानावरच टॉमला समुद्राकाठी पुरतात. पान उलटावं तर टॉम वादळात सापडलेला. मग तो गलबतावर चढतो, मग शाळेत जातो, आणि शेवटी आईच्या मांडीवर दूध पितो. वाक्यं पानाच्या टोकाला तुटायची आणि पुढं भलतीच सुरू व्हायची. प्रत्येक धड्याची हीच तऱ्हा. राजा आधी मरायचा, मग आजारी पडायचा. मला वाटायचं, सातासमुद्रापलीकडची माणसं, एवढ्या जगावर राज्य करून गेली, आधी मरून मग जगत असतील! आपल्याला काय कळतंय? विचारावं तर कुणाला? स्वामीजींना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, तुला समजेना ना, मग ये माझ्याकडं. म्हणून तोंड मिटून दहाच्या दहा धडे, तुटक्या वाक्यांसकट, घोकले.

परीक्षा गुलबर्ग्याला. आदल्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पोचलो, मी, अप्पा आणि स्वामीजी. स्वामीजींच्या झोळीतून खडावांची टोकं बाहेर आलेली मला दिसत होती. धर्मशाळेच्या अंगणात उदगीरकडचा श्रीमंत नावाचा पोरगा पुस्तक घेऊन लिंबाखाली बसला होता. चांगलं, पुठ्ठ्याचं पुस्तक.

"पहिला धडा झाला का रं तुझा?" त्यानं विचारलं.

मी छाती काढून टॉमला पुरायला सुरुवात केली. श्रीमंतानं मला मधेच थांबवलं.

"हे काय म्हणायलास? टॉमचा धडा शेवटला हाय. परीक्षेला न्हाईच की त्यो."

त्यानं माझं पुस्तक हातात घेतलं. चाळलं. मग पालथं करून दुसऱ्या बाजूनं उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"आरं येड्या, शिवलंय कुणी हे?"

"अप्पानं."

"तुझ्या अप्पानं उर्दूच्या पुस्तकागत उजवीकडून शिवलंय. आन् तू इंग्रजीगत डावीकडून उघडायलास. शेवटलं पान पयलं झालं की रं!"

अप्पा उर्दू शिकलेला. पुस्तक उजवीकडून उघडतं, हे त्याच्या बाजूनं बरोबर. इंग्रजी डावीकडून उघडतं, हे माझ्या बाजूनं बरोबर. दोघा बरोबर माणसांनी मिळून माझं वाटोळं केलं होतं.

मीही लिंबाखाली बसलो. दहा धडे, एक दिवस. श्रीमंतानं भल्यापणानं आपलं पुस्तक मधे ठेवलं, पण अक्षरं माझ्या डोळ्यांपुढून मुंग्यांसारखी निघून जात होती. पलीकडच्या ओट्यावर स्वामीजी खडावांना तेल लावत होते. हळूहळू, बोटानं, अगदी अंगठ्याच्या खुंटीपर्यंत. अप्पाला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो रडला असता, आणि मग मीही.

दुसऱ्या दिवशी पेपर हातात पडला. पहिला प्रश्न पहिल्या धड्यावर. दुसरा तिसऱ्यावर. तिसरा सहाव्यावर. शाईत टाक बुडवला, पण लिहायला काही नव्हतं, म्हणून दौतीच्या काठावर तबला वाजवत बसलो. पुढच्या बाकावरचा मुलगा मागं वळून बघू लागला. खिडकीतून बाहेर स्वामीजी दिसत होते. झाडाखाली स्वस्थ बसलेले. त्यांच्यापुढं खडावा. टोकं माझ्याकडं.

आता संपलं, असं म्हणून मी पान उलटलं. शेवटी एक उतारा छापलेला होता. हा मुलांनी पूर्वी न पाहिलेला उतारा असून खालील प्रश्नांची उत्तरं द्या, असा मजकूर. मी पहिली ओळ वाचली आणि पुन्हा वाचली.

वादळ. गलबत. टॉम!

पेपर काढणाऱ्या बाबानं लांब कुठं न जाता त्याच पुस्तकातल्या सोडून दिलेल्या भागातून उतारा उचलला होता. अख्ख्या दालनात मुलं डोकं खाजवत होती. मी लिहीत सुटलो. प्रश्न संपले तरी हात थांबेना. चार महिन्यांचं पाठांतर ते, उतारावरच्या बैलगाडीसारखं सुटलं. टॉमला कुठं पुरलं, थडग्यावर काय लिहिलं, आई कशी गात होती, सगळं उतरवलं.

माझ्या पानावर एक सावली पडली आणि हलेना.

"हे उताऱ्यात कुठं आहे?"

केंद्राचे साहेब, उद्धवराव. काळी शेरवानी, चष्मा. मी टाक खाली ठेवला.

"थडगं उताऱ्यात नाही. आई नाही. तुला कसं ठाऊक?"

पेपर संपल्यावर मला ऑफिसात उभं केलं. अप्पाला आणि स्वामीजींनाही बोलावलं.

"पेपर फुटलाय," उद्धवराव म्हणाले. "मुलानं उत्तर पाठ करून आणलंय. कुणी दिलं, बोल! नाहीतर आयुष्यात परीक्षेला बसू देणार नाही."

मी माझ्या पिशवीतून पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. तोंडातून एवढंच निघालं, "साहेब, उलटं हाय."

उद्धवराव स्वतः उर्दूत शिकलेले. हात सवयीनं उजवीकडं गेला. त्यांनी पुस्तक उघडलं, पहिला धडा पाहिला, दुसरा पाहिला.

"यात काय उलटं आहे? पहिला धडा पहिलाच तर आहे."

मी पुस्तक पालथं करून दाखवलं, तर ते म्हणाले, "मॅट्रिकचा मुलगा चार महिने मागून पुढं वाचेल? मला शिकवतोस?"

अप्पा म्हणाला, "चूक माझी हाय, साहेब." ते कुणी ऐकलं नाही.

मी स्वामीजींकडं बघितलं नाही. कशाला बघू? त्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं. मी खोटा ठरलो की त्यांचा.

"साहेब," स्वामीजी म्हणाले, "ह्यानं काय घोकलं ते मी म्हणून दाखवू का?"

"आपल्याला इंग्रजी येतं?"

"न्हाई. एक शब्द कळत न्हाई. कान हायत."

आणि ते समोरच्या खुर्चीत मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि सुरू झाले. "अँड दे बरीड हिम बाय द सी..." आमच्याकडं मठात वचनं, म्हणजे आमच्या संतांची पदं, ज्या चालीत म्हणतात त्या चालीत! त्यांनी सारी विद्या गुरूच्या तोंडून कानानं घेतलेली. शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, वजन ठाऊक होतं. मी जिथं श्वास घ्यायचो तिथं श्वास, मी जिथं अडखळायचो तिथं अडखळ. उद्धवराव पुस्तकावर बोट ठेवून शेवटच्या पानावरून मागं मागं सरकू लागले. "अँड द विंड बिगॅन टु," इथं पान संपतं. स्वामीजीही तिथंच तुटले, आणि पुढच्या श्वासाला टॉम गलबतावर चढला.

टॉम आईच्या मांडीवर पोचला तोवर दारात दोन चपराशी हात जोडून उभे होते. त्यांना वाटलं, पूजा चाललीय.

उद्धवरावांनी चष्मा काढून पुसला.

"जा," ते मला म्हणाले. "आणि त्या पुस्तकाची शिवण उसव आधी."

निकाल लागला. इंग्रजीत पासाला जेवढे लागतात तेवढेच गुण, वर अर्धाही नाही. अप्पानं गावभर गूळ वाटला. मी मठात गेलो, पण पायरीपाशीच थबकलो. कोनाडा रिकामा होता.

"खडावा बघायलास कामून?" स्वामीजी म्हणाले. "पायजेत का?"

मी दोन पावलं मागं झालो. ते हसले. चार महिन्यांत त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला एकदम कळलं की हा माणूसही रोज कशाची तरी वाट बघत होता.

"तुम्ही गप बसला असता तर..." मी म्हणालो.

"तर तू आला असतास. भिऊन." त्यांनी बाजूची जागा थोपटली. "बस. आता खरं सांग. तुझ्या त्या टॉमचं शेवटी काय झालं? जगला का मेला?"

"मेला, स्वामीजी. वादळात सापडला, मेला. काठावर पुरला. पुस्तकात तसंच हाय."

त्यांनी म्हशीकडं बघितलं. ती पुन्हा दूध देऊ लागली होती.

"आपल्या बाजूनंच बरं होतं की रे," ते म्हणाले. "शेवटी आईजवळ तर गेला."