दोन कुलपांचा कॉम्प्युटर

माझे दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्याचा त्रास त्यांना कधीच होत नाही, तो मला होतो. बाप गेल्यावर कोपरीतलं घर त्यांनी मधोमध भिंत घालून वाटून घेतलं. अलीकडे नाथादादा, पलीकडे धाकू. पुढची पडवी तेवढी सामाईक राहिली आणि नवऱ्याला सोडून आलेली मी त्या पडवीत पडले. पडवीला लागून बापाची मासेमारीची जाळी ठेवायची खोली आहे. तिच्या कडीला दोन कुलपं, एक नाथादादाचं, एक धाकूचं. खोली उघडायची तर दोघांनी एका वेळी यायला हवं, आणि ते काही कधी झालं नाही. आतली जाळी उंदरांनी खाल्ली, तरी दोघं आपापल्या कुलपाला न चुकता तेल घालतात.

खाडीकडची जमीन बिल्डरला द्यायची ठरली तेव्हा माझी सही लागली. आमच्याकडे बहीण हक्क सोडते आणि भाऊ तिला साडीचोळी करतात, तशी रीतच आहे. मी म्हटलं, साडी नको, कॉम्प्युटर घेऊन द्या. मी ठाण्यात डीटीपी शिकले होते, पण लग्नपत्रिका जुळवायला दुसऱ्याच्या दुकानात मशीन मोकळं व्हायची वाट बघत बसावं लागायचं. सही हवी होती, म्हणून दोघांनी निम्मेनिम्मे घातले. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून वहिनीने वर एक हिरवा खण माझ्या ओटीत टाकला. सही झाली, कॉम्प्युटर पडवीत आला, आणि त्या दिवसापासून दोघांनाही वाटायला लागलं की त्यातला अर्धा आपला. साडी घेतली असती तर अर्धी नेसायला तरी कोणी मागितली नसती.

सकाळी नाथादादाची पोरं त्यावर गेम खेळायची. संध्याकाळी धाकू टेम्पोच्या बिलांच्या नावाखाली पत्ते लावत बसायचा. उरलेल्या वेळात मी काम करायचे आणि तेही दोघांना खुपायचं.

अशात डोंबिवलीचे पंढरीशेठ भेटले. त्यांचा छापखाना होता आणि एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका त्यांच्याकडे आली होती. ते म्हणाले, "मालूताई, शनिवारपर्यंत ही पूर्ण लावून द्या. काम नीट झालं तर माझ्याकडे कायमच्या या. वर एक खोली रिकामी आहे, राहायची सोयही होईल." मला दुसरं काहीच नको होतं. त्या पडवीतून बाहेर पडायची ती एकच वाट होती. मी हेडमास्तरांचं मनोगत, जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी, देणगीदारांची नावं, सगळं डोळे फुटेस्तोवर लावलं.

आणि नेमकं तेव्हा नाथादादाला व्हायरसचं सुचलं. पेपरात काहीतरी वाचलं असेल. बर्फाच्या कारखान्यातल्या मित्राकडून अँटीव्हायरसच्या फ्लॉप्या घेऊन तो पडवीत आला.

"स्मरणिका होऊ दे, मग घाल," मी म्हटलं.

"तोवर धाकू घाण करून ठेवंल. त्याच्या सीड्या कुठनं येतात, मला माहीत नाय का?"

त्याने घातला. तेवढ्याने काही बिघडलं नाही. मशीन जरा जड चालायला लागलं, एवढंच. पण संध्याकाळी धाकूला पडद्याच्या कोपऱ्यात नवीन चित्र दिसलं.

"हे काय गो?"

"दादाने अँटीव्हायरस घातलाय."

"म्हणजे माझ्या फायली तो तपासणार?" धाकूचं डोकं सटकलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेरून तो दुसऱ्याच कुठल्यातरी अँटीव्हायरसची सीडी घेऊन आला. ती चढवताना पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, मी ती त्याला मोठ्याने मराठीत सांगितली. आधीचा अँटीव्हायरस असेल तर तो काढा, एका मशीनवर दोन चालत नाहीत.

"काढायचा तर त्याने काढावा," धाकू म्हणाला. "मी का माघार घेऊ?"

जाळ्यांच्या खोलीला दोन कुलपं चालतात, मग कॉम्प्युटरला का नाही, हा त्याचा हिशोब. पण कुलपं मुकी असतात, आपल्या जागी लोंबकळत राहतात. हे दोन तसे नव्हते. मी फाइल उघडली की दोघं एकदम तिच्यावर तुटून पडायचे आणि मशीन ठप्प व्हायचं. काम फ्लॉपीवर उतरवून घेऊ म्हटलं तर फ्लॉपी घातल्याबरोबर तेच. शेवटी धाकूच्या अँटीव्हायरसला नाथादादाचा अँटीव्हायरसच व्हायरस वाटला आणि त्याने तशी लाल पाटी दाखवली.

"बघ," धाकू हरखून म्हणाला, "मी बोल्लो नव्हतो?" आणि त्याने साफ करायचं बटण दाबलं. ते साफ होईना. थोड्या वेळाने नाथादादा आला, तर त्याच्या अँटीव्हायरसने धाकूच्या अँटीव्हायरसवर तसलीच पाटी दाखवली. त्यानेही समाधानाने बटण दाबलं. त्यानंतर मशीन सुरू होताना मध्येच अडकायला लागलं, आणि माझी स्मरणिका आत राहिली.

शुक्रवारी सकाळी मी सीतारामला बोलावलं. तो घरोघरी कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरायचा. त्याने खोक्याचं झाकण काढलं, आतली हार्डडिस्क दाखवून म्हणाला, "तुमचं काम यात आहे. ते शाबूत असणार. व्हायरस-बियरस काही दिसत नाही. हे दोन पहारेकरीच एकमेकांना भिडलेत. एक काढतो, कुठलाही. मशीन चालू होईल."

कुठलाही. एवढा सोपा शब्द, पण आमच्या घरात कोणाला उच्चारता येत नाही. आवाज ऐकून दोघं आपापल्या दारातून बाहेर आले होते.

"त्याचा काढ," नाथादादा म्हणाला.

"माझ्याला हात लावशील तर बघ," धाकू सीतारामला म्हणाला. "आधी त्याचा."

"मग दोन्ही काढतो," सीताराम म्हणाला.

"काढ. पण पहिला कोणाचा?"

मी हात जोडले. उद्या मला काम द्यायचंय, माझ्या पोटावर पाय देऊ नका, म्हटलं. नाथादादाने माझ्याकडे बघितलं आणि सगळं खापर शांतपणे माझ्यावर फोडलं. "तुझ्याच पत्रिकावाल्यांच्या फ्लॉपीतनं आलं असंल हे सगलं."

"तेच," धाकू म्हणाला. "बाहेरची कामं आणतेच कशाला?"

भिंत घातल्यापासून दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, ते असं. सीतारामने पेचकस खिशात घातला, झाकणही न लावता निघून गेला. मला इतका संताप आला की रडूसुद्धा येईना. दोघांची तोंडं सारखीच दिसत होती मला, बापाच्या मयताला कुलपं घेऊन आले होते तेव्हासारखी.

दुपारी दोघं कामावर गेल्यावर मी शिवणाच्या मशीनचा पेचकस घेतला. सीतारामने दाखवलेली ती डिस्क स्क्रू काढून, वायरी उपसून बाहेर काढली, वहिनीने दिलेल्या हिरव्या खणात गुंडाळली आणि डोंबिवलीला गेले. निघण्याआधी खोक्याला झाकण लावून वर प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलं होतं. पंढरीशेठच्या माणसाने डिस्क त्यांच्या मशीनला जोडली. स्मरणिका जशीच्या तशी निघाली. शनिवारी ती छापायला गेली आणि मी वरच्या खोलीची किल्ली घेतली. त्या खोलीला एकच कुलूप आहे.

माझे भाऊ मात्र दोन आठवडे रिकामं खोकं राखत बसले होते. मशीन बंद आहे ते दुसऱ्यामुळे, अशी प्रत्येकाची खात्री होती, म्हणून झाकण उघडून कोणी बघितलंच नाही. मग कधीतरी बघितलं असावं. एका सकाळी दोघं छापखान्याच्या दारात उभे राहिले. बरोबर आले होते, पण दोघांत एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

"मालू, तो पार्ट दे," नाथादादा म्हणाला. "तू हक्क सोडलायस. सही हाय तुझी."

"सही जमिनीच्या कागदावर केली. ही माझी साडी आहे. नेसलेली साडी परत मागायला आलात?"

छापखान्यातली माणसं बघायला लागली. दोघं वरमले. नाथादादा वळलाही होता, पण धाकूने चिकाटी सोडली नाही.

"ठेव तुझी साडी. पण त्याच्यात माझा अँटीव्हायरस हाय. तेवढा काढून दे."

"माझा पण हाय," नाथादादा लगेच म्हणाला.

मी खुर्ची ओढून मशीनसमोर बसले. माझी डिस्क त्यालाच जोडलेली होती.

"देते," मी म्हटलं. "आत्ता देते. आधी कोणाचा काढू?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पंढरीशेठ म्हणाले, भांडण बाहेर करा. म्हणून दोघं बाहेर गेले. तेव्हापासून मी वाट बघते आहे, अजून दोघांपैकी कोणी काही कळवलेलं नाही.