कुणीतरी चादर धरा

आमच्या घरात अबोल्याचे नियम ठरलेले आहेत. हाक मारायची नाही, डोळ्यांत बघायचं नाही, आणि बोलायची वेळच आली तर ‘कुणीतरी’शी बोलायचं. “कुणाला चहा हवा असेल तर ओट्यावर आहे.” “कुणीतरी गीझर बंद करायला विसरलंय.” घरात आम्ही दोघंच, त्यामुळे हा कुणीतरी कोण यावरून घोटाळा होत नाही.

या वेळचं कारण होतं रंग. माझ्या धाकट्या नणंदेला हॉल रंगवायचा होता. तिने मला विचारलं, “वहिनी, कुठला रंग देऊ?” मी म्हटलं, “पोपटी.” आमच्या ह्यांचं रंगांचं दुकान आहे. ते टॉवेलने कान पुसत आतूनच म्हणाले, “तिला काय विचारतेस? तिला काय कळतंय त्यातलं?”

नणंद हसली. तेच मला झोंबलं. लग्न झाल्यापासून या माणसाच्या बाह्यांवरचे रंगाचे डाग मी घासतेय आणि मला रंगातलं कळत नाही! मी ठरवलं, हे बहिणीसमोर शब्द मागे घेईपर्यंत बोलायचं नाही. दुसऱ्याच दिवशी पोपटी हॉल नुसता डोळ्यांसमोर आणला, तेव्हा मलाही तो नकोसा वाटला होता, पण तो मुद्दा वेगळा.

गप्प राहणं मला जड जात नाही. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तोंड उघडं ठेवून गप्प बसलेल्या माणसांशीच माझी दिवसभर गाठ. हे मात्र दुकानदार. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जिभेला सवय लागलेली. आठवडाभरात चेहरा पार उतरला त्यांचा. रविवारी धुतलेल्या चादरीची घडी घालायची होती. “कुणीतरी चादर धरा,” मी म्हटलं. त्यांनी एक बाजू धरली. जवळ यायचं, टोकं जुळवायची, भिंतीकडे बघत मागे जायचं. तीन घड्या झाल्या, पण नजरानजर नाही.

त्याच संध्याकाळी नणंदेच्या मुलीच्या नाचाचा प्रयोग होता. आधुनिक नाच, भाचीने स्वतः बसवलेला. न जाऊन सांगता कुणाला? हे दाराशी उभे राहून म्हणाले, “कुणाला यायचं असेल तर निघायची वेळ झालीय.” मी केव्हाच चपला घालून उभी होते.

नणंदेने आमच्यासाठी अगदी पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. “दादा,” ती म्हणाली, “झाल्यावर काय कळलं ते सांगायचं हं. मामाचं मत ऐकायचंय म्हणून ती केव्हाची थांबलीय.” ह्यांनी मान डोलावली. सगळ्यातलं सगळं कळणाऱ्या माणसाला दुसरं करता तरी काय येतं?

पडदा उघडला. भाची एका टोकाला, एक मुलगा दुसऱ्या टोकाला आणि मधे भलंमोठं पांढरं कापड. दोघंही हलेनात. कुठेतरी नळ ठिबकावा तसा आवाज येत होता, तेच संगीत.

ह्यांनी हवेत विचारलं, “कुणाला माहीत आहे का, सुरू झालंय का हे?”

“झालंय,” मागच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले.

आमचा कुणीतरी पहिल्यांदाच भलत्याकडे गेला. मला हसू आलं, ते मी पदराआड दाबलं. स्टेजवर दोघंही कापड उचलून एकमेकांकडे यायला लागली, अगदी गोगलगायीच्या चालीने. जवळ आली आणि परत फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. ह्यांच्या कपाळावर घाम जमला. प्रयोगानंतर बोलायचं काय? शेवटी ते माझ्याकडे झुकले.

“अगं,” ते म्हणाले.

‘अगं’ म्हणजे शरणागतीच. पण बहिणीसमोर बोललेले शब्द अजून जागच्या जागी होते, म्हणून मीही समोर बघतच म्हटलं, “काय?”

“काय चाललंय हे?”

“चादरीची घडी घालतायत.”

“मग घालत का नाहीत?”

“भांडलेत.”

हे बघत राहिले. मुलगा कापडाचं टोक घेऊन भाचीपर्यंत आला आणि ऐन वेळी मान फिरवून गेला.

“चूक कोणाची?”

“त्याची.”

“त्याला माहितेय का?”

“माहितेय. तोंड उघडत नाही.”

ह्यांनी खुर्चीत दोनदा चुळबुळ केली. शेवटी कापड खाली पडलं, दोघं त्यावर आडवी झाली आणि अंधार झाला. सर्वांत जोरात टाळ्या ह्यांच्या.

बाहेर भाची घामाघूम होऊन धावत आली. तिच्यामागून तो मुलगा आणि नणंद. “मामा, काय वाटलं? काय कळलं?”

ह्यांनी घसा खाकरला. बहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मामीला विचार,” ते म्हणाले. “तिला कळतं त्यातलं.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या भरात मी सगळं सांगून टाकलं. नवराबायको, भांडण, चादर, चूक त्याची.

भाचीचा चेहरा पडला. “मामी, ती हिमनदी आहे. तिला तडे जातात आणि ती वितळते.”

नणंदेच्या ओठांवर पुन्हा तेच हसू यायला लागलं. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला.

“चादर होती,” हे म्हणाले.

“मामा, नाच मी बसवलाय.”

“बसवला असशील. पण आज सकाळीच मी तशी घडी घातलीय. टोक द्यायचं आणि मान फिरवायची, डिट्टो तसंच. ही म्हणते चादर, तर चादरच.”

भाचीने वळून त्या मुलाकडे बघितलं. तो का कोण जाणे, स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

माझा आठवडाभराचा राग तिथेच पाण्यात मीठ विरघळावं तसा गेला. सख्ख्या भाचीशी, तिच्याच नाचावरून, धडधडीत हरलेला वाद हा माणूस माझ्यासाठी घालत होता. मला रडू यायच्या बेतात होतं.

नणंदेने हसू गिळलं. “बरं बाई, कळतं तुला. मग हॉलला काय देऊ, वहिनी? पोपटी म्हणाली होतीस ना?”

“पोपटीच,” हे पुढे होऊन म्हणाले. “उद्या डबे पाठवतो.” आवाज जरा कापला. रंगवाल्याचा जीव तो. मग मोठ्या आशेने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

नको म्हटलं की मला त्यातलं कळत नाही हे मीच कबूल केल्यासारखं. हॉल नणंदेचा, संसार माझा.

“पोपटीच,” मी म्हटलं.