उरलेले दाणे

"ही अशी काऊन पाहून राहिली रे माझ्याकडं?"

सुमित्राबाई ओट्याला पाठ टेकवून उभ्या होत्या. हातातलं उलथनं त्यांनी काठीसारखं धरलं होतं. जेवणाच्या टेबलापलीकडे रूबी बसली होती. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लोंबते कान आणि मधासारखे पिवळे डोळे. ते डोळे सुमित्राबाईंच्या हातावरून हलत नव्हते.

"आई, कुत्री आहे ती. पाहणारच," धम्मदीप लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवत म्हणाला. "आणि तू आमलेट करतेयस. मीपण पाहतोच आहे की."

"तू पाहतो तवा मले भेव नाही वाटत."

"आजी, शी लाइक्स यू!" बूट चढवता चढवता हर्षिता ओरडली आणि स्कूलबस गाठायला पळाली. मागोमाग धम्मदीप गेला. सून उपासना आधीच दवाखान्यातल्या तिच्या लॅबमध्ये पोचली होती. गॅरेजचं दार घरघरत खाली आलं आणि एवढ्या मोठ्या घरात दोघीच उरल्या, सुमित्राबाई आणि रूबी.

रूबी शेजारच्या वॉल्टची. नेपरव्हिल या परक्या गावात ही मंडळी राहायला आली त्या पहिल्या हिवाळ्यात, कुणी न सांगता, वॉल्टनं आपल्या मशीननं यांच्या दारातलंही बर्फ काढून दिलं होतं. बायको गेलेला, मुलगी दूर फ्लोरिडात, असा एकटा म्हातारा. त्याला शिकारीचा नाद. मक्याच्या कापलेल्या शेतांमधून फेझंट नावाचे रानकोंबड्यासारखे पक्षी शोधायचे, आणि ते शोधून द्यायला ही रूबी. ऐन हंगामात तो बर्फावरून घसरला आणि खुबा मोडून बसला. ऑपरेशननंतर त्याला दुसरीकडं हलवलं, चालायला शिकवायला. रूबीचं काय, हा प्रश्न निघाला तेव्हा धम्मदीप पटकन बोलून गेला, "आमच्याकडं राहील की!"

आईला विचारायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. आईच्या उजव्या हातावर, मनगटापासून वर, पांढरट वण होता. लहानपणी कुत्रं चावलं होतं, एवढं त्याला ठाऊक होतं. कुणाचं कुत्रं, कसं चावलं, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

वॉल्टकडून आलेली खाण्याची पिशवी पहिल्याच आठवड्यात संपली. तशीच दुसरी आणायला धम्मदीप आणि उपासना दुकानात गेले. धम्मदीपचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आल्यापासून उपासना कुठलाही डबा आधी उलटा करून पाहायची. तिथंही तिनं पिशवी उलटी केली.

"वीस टक्के फॅट! अरे, काय खाऊ घालतात हे लोक? म्हातारा स्वतःही असंच खात असणार."

मग तिनं बराच वेळ घालवून, अगदी मनापासून, सगळ्यात कमी फॅटची पिशवी निवडली. पिशवीवर एक गुबगुबीत कुत्रं हिरवळीवर बसलेलं होतं. घरी आल्यावर सासूला म्हणाली, "आई, आपल्या घरात आता सगळ्यांनाच पथ्य. तुम्हाला साखर बंद, ह्याला तूप बंद, हिला फॅट बंद."

सगळे हसले. सुमित्राबाईही हसल्या.

पण दिवस जाऊ लागले तसं त्यांना रूबीच्या डोळ्यांत काहीतरी दिसू लागलं. सुरुवातीला ती नुसती बघायची. आता तिची नजर हातावर यायची आणि तिथंच रुतून बसायची. वाटीतले दाणे एका दमात संपायचे. मग ती रिकामी वाटी चाटत बसायची. स्टीलची वाटी फरशीवरून घासत भिंतीपर्यंत जायची, तिथं अडायची, तरी चाटणं चालूच. तो आवाज ऐकला की सुमित्राबाई हातातलं काम टाकून बाहेर जायच्या.

"ती उपाशी आहे रे," एकदा त्या म्हणाल्या.

"पिशवीवर लिहिलंय तेवढंच देतोय, आई."

"फिट झालीय उलट," उपासना म्हणाली. "कंबर बघा ना तिची!"

सुमित्राबाई भाजी चिरायला वळल्या. उपाशी कुत्र्याची नजर आपल्याला कशी ओळखता येते, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

पवनीच्या अलीकडं त्यांचं गाव. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण मालगुजार होता तसाच होता, आणि त्याची शिकारी कुत्रीही. सुमित्राबाईंचा बा त्या कुत्र्यांचं खाणं शिजवायचा. ज्वारीची भरड आणि त्यात खाटकाकडची आतडी. छोटी सुमित्रा घमेल्याची एक बाजू धरून त्याच्यासोबत जायची. त्या आवारात एक रीत होती. रानडुकराच्या शिकारीच्या आदल्या दिवशी कुत्र्यांना काही द्यायचं नाही. उपाशी कुत्रं जोरात धावतं, असं मालगुजार म्हणायचा. एकदा शिकार ऐन वेळी पुढं ढकलली गेली आणि उपास लांबला. मग खाणं न्यायचा हुकूम आला. घमेलं दिसताच एका कुत्र्यानं दोर तोडला. ते घमेल्यावर आलं, की घमेलं धरलेल्या हातावर, हे कुणालाच कळलं नाही.

मालगुजार ओसरीवरून धावत खाली आला आणि त्यानं विचारलं, "कुत्र्याले काही लागलं तर नाही ना?"

बानं तिला खांद्यावर टाकून पवनीचा दवाखाना गाठला. पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. त्या दिवसानंतर बा पुन्हा त्या आवारात गेला नाही. घरी बसून बिड्या वळू लागला. बोटं तंबाखूनं काळी होईपर्यंत वळायचा. "दोष कुत्र्याचा नाही, बाई," तो म्हणायचा. "कुत्रं नाही चावलं तुले. भूक चावली."

सुमित्राबाईंना हे कधी पटलं नाही. पुढं नागपुरात अंगणवाडीची मदतनीस म्हणून त्यांनी जन्मभर लेकरांना खिचडी वाढली. पण वस्तीतलं कुत्रं दाराशी आलं की त्या खुर्चीवर चढायच्या आणि लेकरं टाळ्या पिटायची.

त्या दिवशी सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं. वॉल्टचा मित्र गॅरी नेहमीप्रमाणे पहाटेच रूबीला शिकारीला घेऊन गेला होता. 'हंगाम कुणासाठी थांबत नाही, तिला घरी बसवू नका,' असं वॉल्टनंच त्याला सांगून ठेवलं होतं. दुपारी गॅरीनं तिला दारात आणून सोडलं. तिच्या पंजांना बर्फाचे गोळे चिकटले होते. गॅरी मोठ्यानं काहीतरी म्हणाला. त्यातलं "गुड गर्ल" आणि "टायर्ड" एवढं सुमित्राबाईंना कळलं. त्यांनी मान हलवली आणि दार लावलं.

ठरल्याप्रमाणे त्यांनी वाटीत दाणे ओतले, वाटी पायानं पुढं सरकवली आणि ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. दाणे संपले. चाटणं सुरू झालं. वाटी फरशीवरून घासत, गोल फिरत येऊ लागली. भिंतीकडं नाही, त्यांच्याकडं. आली ती थेट त्यांच्या पायाला टेकली.

रूबीनं मान वर केली.

आणि ती थिजली. पुढचा एक पाय वर उचललेला, शेपटी सरळ, मान ताणलेली, डोळे रोखलेले. अंगावरचा एक केस हलत नव्हता. असं कुत्रं सुमित्राबाईंनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. भुंकत नाही, गुरगुरत नाही, नुसतं थांबलेलं. आता झेप घेणार. फोन बाहेर सोफ्यावर. दार कुत्रीच्या मागं. उजवा हात आपोआप पदराखाली गेला.

"बा..." त्यांच्या तोंडून निघालं.

वर उचललेला पाय थरथरला. मग मागचे पाय लटपटले. रूबीनं सावरायचा प्रयत्न केला. तिची नजर अजून तिथंच होती. मग ती भरलेलं पोतं कलंडावं तशी एका अंगावर पडली.

सुमित्राबाईंनी मागं वळून पाहिलं. खिडकीबाहेर, पाखरांसाठी वॉल्टनंच टांगून दिलेल्या दाण्यांच्या डब्यावर, एक लालभडक पाखरू बसलं होतं. रूबी त्यांच्याकडं पाहतच नव्हती. पायांत उभं राहायचं बळ नव्हतं, तरी शिकारीत मालकाला दाखवायची तशी थिजून ती पाखरू दाखवत होती.

आता दार मोकळं होतं. त्या बाहेर जाऊ शकत होत्या. दारापर्यंत गेल्यासुद्धा. तिथून वळून पाहिलं तर रूबीची बरगडी न् बरगडी मोजता येत होती आणि पाय झटके देत होते. उन्हाळ्यात अंगणवाडीत एखादं उपाशी आलेलं लेकरू असंच पडायचं.

"मरू नको बाप्पा. माझ्या जिवाले घोर लावू नको."

धम्मदीपपासून लपवून ठेवलेली गुळाची ढेप त्यांच्या कपाटात होती. कोमट पाण्यात त्यांनी गूळ कालवला. ओट्याला धरून त्या रूबीजवळ जमिनीवर बसल्या. वाटीनं पाजायला जावं तर पाणी बाहेर सांडलं. घशात गेलं तर गुदमरेल. मग एकच मार्ग उरला. त्यांनी बोटं गुळात बुडवली, डोळे मिटले आणि उजवा हात कुत्रीच्या तोंडात घातला.

दात लागले. टोकदार, ओले. त्यांनी हात मागं घेतला नाही. गूळ हिरड्यांना चोळत राहिल्या. पुन्हा बुडवला, पुन्हा चोळला. बऱ्याच वेळानं बोटांना काहीतरी खरबरीत, गरम लागलं. रूबीची जीभ हलत होती. ती बोटं चाटत होती.

तेव्हा त्यांनी सोफ्यापर्यंत जाऊन फोन उचलला. "दीप, लवकर ये. मले काही नाही झालं. तिले झालं."

गुरांच्या नव्हे, खास कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरीणबाईनं रूबीला तपासलं, रक्त घेतलं, सलाईन लावलं. साखर उतरली होती. खातेय काय, असं तिनं विचारलं. उपासनानं फोनवर पिशवीचा फोटो दाखवला. डॉक्टरीणबाई चिडली नाही. हे खाणं सोफ्यावर लोळून लठ्ठ झालेल्या कुत्र्यांचं, आणि ही थंडीत दिवसदिवस पळते, एवढंच ती म्हणाली. मग तिनं काय घ्यायचं ते समजावून सांगितलं.

गाडीत उपासनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मी चांगलंच बघून घेतलं होतं ना हो आई..."

"चांगलंच घेतलं होतंस. पण नवऱ्यासाठी घेतलं. ती पळणारी बाई, तिचं पथ्य वेगळं."

दुकानात या वेळी सुमित्राबाईही गेल्या. कुत्र्यांच्या कोरड्या खाण्याच्या पिशव्यांची ती रांग पाहून त्या चक्रावल्याच. एवढं तर त्यांच्या अख्ख्या वस्तीचं धान्य नव्हतं. धम्मदीप मागचं बारीक अक्षर वाचत होता. "ह्यात मका पहिला लिहिलाय. नको. पहिलं नाव मांसाचं पाहिजे. प्रोटीन तीस, फॅट वीस... हे बघ, चिकन पहिलं."

"दाणा मोठा आहे का?" उपासनानं विचारलं. "गिळेल नाहीतर, चावणार नाही."

त्या पिशवीवर एका शिकारी कुत्र्याचं चित्र होतं. एक पाय वर, शेपटी सरळ. सुमित्राबाईंनी बाहीखालचा वण नकळत दाबून धरला.

"मालगुजार शिकारीच्या आधी कुत्र्यांले उपाशी ठेवायचा," त्या म्हणाल्या. "त्यातलं एक मले चावलं होतं. बा त्यांचं खाणं शिजवायचा."

धम्मदीपच्या हातात पिशवी तशीच राहिली. "आई, तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. घे ती. मोठीवाली घे."

नवीन खाणं एकदम द्यायचं नव्हतं, पोट बिघडतं. आधी जुन्यात मूठभर नवं, मग थोडं जास्त, असं करत आठवडाभरानं सगळं नवं. शिकारीला जायच्या दिवशी आधी भरपेट नाही, परत आल्यावर विसावा आणि मग जेवण. हे सगळं सुमित्राबाईंनी आपल्याकडं घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी हर्षिता वॉल्टला व्हिडिओ कॉल लावायची. तो उशीला टेकून, दाढी वाढलेला, रोज तेच विचारायचा आणि हर्षिता आजीला सांगायची, "आजी, ही इज आस्किंग, जेवते का ती?"

"सांग त्याले, जेवते म्हणावं."

एकदा तो बराच वेळ बोलला आणि हर्षिताचा चेहरा उतरला. वॉल्टला आता शेतातून चालता येणार नव्हतं. मुलगी त्याला फ्लोरिडाला न्यायला येणार होती. हंगाम संपला की रूबी गॅरीकडं जाणार होती. त्याच्याकडं मोठं आवार होतं.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर सुमित्राबाईंनी माप भरून दाणे वाटीत ओतले. हल्ली त्या वाटी पायानं सरकवत नसत. वाकून ठेवायच्या आणि एक पाऊल मागं येऊन उभ्या राहायच्या. छातीत धडधड व्हायचीच. जन्माची धडधड, ती काय आठवड्यात जाणार?

रूबीनं खाल्लं. कुडुमकुडुम आवाज करत, सावकाश. मग ती बाजूला झाली, अंग झाडलं आणि खिडकीखालच्या उन्हात जाऊन पसरली.

सुमित्राबाई वाटी उचलायला वाकल्या. चाटण्याचा आवाज आलाच नव्हता, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. वाटीच्या तळाशी दाणे उरले होते. बाच्या घमेल्यात त्यांनी कधी काही उरलेलं पाहिलं नव्हतं. कुत्र्यांच्या नाही आणि घरच्याही नाही.

ते दाणे त्यांनी टाकले नाहीत. उजव्या तळहातावर घेऊन, बाही वर सरकलेली तशीच राहू देऊन, त्या खिडकीपाशी रूबीशेजारी उभ्या राहिल्या. बाहेर ते लाल पाखरू आलं होतं. रूबीनं एक डोळा उघडून त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतला.