येझदी की सुझुकी

मार्तंड लांजेवार आणि संघपाल खोब्रागडे यांच्या भांडणाला चाळीस वर्षं होत आली होती, आणि भांडण एवढंच होतं, की मार्तंडची येझदी चांगली की संघपालची सुझुकी. लोक शेताच्या बांधावरून भांडतात, भाऊभाऊ घराच्या भिंतीवरून भांडतात. या दोघांनी सरळ संसार केले, पोरं मोठी केली, केस पिकवले, आणि भांडले ते दोन टू-स्ट्रोक गाड्यांवरून. गाड्याही कशा, तर ऐंशीच्या दशकातल्या, हेडलाइट काढून टाकलेल्या, मडगार्ड वर उचललेल्या, मोठ्या खाचांचे टायर लावलेल्या. मातीच्या ट्रॅकवर उड्या मारायला म्हणून या दोघांनी हातानं बदलून घेतलेल्या. रस्त्यावर नेता येत नाहीत आणि विकवत नाहीत, अशा.

भादव्यात संघपाल गेला. किडन्यांनी दगा दिला. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात, तसं एका तोंडानं भांडणही होत नाही, हे मार्तंडला तेव्हा कळलं. अंत्ययात्रेत तो पांढरा सदरा घालून सगळ्यांबरोबर चालला, वंदना झाली तेव्हा हात जोडून उभा राहिला, आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. घरी आल्यावर त्याची बायको प्रेमिला म्हणाली, "अहो, रडा ना थोडं. असं आतल्या आत ठेवू नये." तो म्हणाला, "मले येऊन नाही राहिलं, तर काय करू?" आणि टीव्ही लावून बसला.

त्या दोघांची ओळख रेसमुळेच झाली होती. मार्तंडच्या वडिलांचं सदरला स्पेअर पार्टचं दुकान, संघपाल कोराडीच्या वीजकेंद्रात फिटर. तेव्हा हिवाळ्यात कोराडीच्या पलीकडे मोकळ्या जागेत मातीच्या शर्यती व्हायच्या. मार्तंडची येझदी अडीचशे सीसीची, जड. तिच्यात गिअरचा दांडा उलटा फिरवला की तोच किक व्हायचा. सरळ पट्ट्यावर ती म्हशीसारखी मुसंडी मारायची आणि वाटेत येणाऱ्यानं आपलं आपण पाहून घ्यावं. संघपालची सुझुकी शंभर सीसीची, हलकी. ताकदीला येझदीच्या निम्मीही नाही, पण वळणावर शेळीसारखी टुणकन निघून जायची. कधी ही जिंकायची, कधी ती. जो हरायचा तो म्हणायचा, गाडी माझीच चांगली, आज माझाच हात बिघडला. प्रेमिला दोघांना चहा देताना म्हणायची, "म्हैस आणि शेळी घेऊन भांडणारे अख्ख्या नागपुरात तुम्ही दोघेच."

खरं ठरवायचं तर उपाय सोपा होता. एकाच माणसानं एकाच दिवशी दोन्ही गाड्या चालवायच्या. पण मार्तंडनं शपथ घेतली होती की त्या शेळीवर बसणार नाही, आणि संघपाल म्हणायचा की त्या म्हशीवर माझं प्रेतही बसणार नाही. म्हणजे भांडण मिटू द्यायचंच नव्हतं दोघांना. आता स्पष्टच सांगायला काय हरकत आहे?

त्यांची अजून एक रीत होती. टू-स्ट्रोक गाडीला पेट्रोलमध्ये तेल मिसळून द्यावं लागतं; नाहीतर पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो आणि इंजिन जागच्या जागी जाम होतं. संघपालनं रेससाठी सुझुकीचा आपोआप तेल देणारा ऑइल पंप काढून टाकला होता आणि येझदीला तर तो नव्हताच, त्यामुळे दोन्ही टाक्यांत तेल हातानंच पडायचं. एका साली ऐन शर्यतीत येझदी जाम झाली. कोणीतरी म्हणालं, सुरू होण्याआधी तिच्याजवळ तो खोब्रागडे बसला होता. बोलणाऱ्यानं संघपालच्या वस्तीचंही नाव घेतलं, तोंड वाकडं करून. मार्तंडच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तेल घालायला दूध मोजायचं स्टीलचं छोटं माप होतं, ते त्यानं सगळ्यांसमोर संघपालच्या हातात दिलं आणि ओरडून सांगितलं, "आजपासून माह्या टाकीत तेल हाच टाकीन. कोणाले काही बोलाचं असन तर आत्ता बोला." संघपालनं माप हातात फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "मंग माह्या टाकीत तू टाकजो."

तेव्हापासून तसंच. शर्यती बंद पडल्या, लग्नं झाली, संघपाल निवृत्त झाला, तरी दर रविवारी मार्तंडच्या दुकानामागच्या शेडमध्ये दोन्ही गाड्या सुरू व्हायच्या. कॅनमधून दोन्ही टाक्यांत साधं पेट्रोल. मग मार्तंड सुझुकीत तेल टाकायचा, संघपाल येझदीत. मग दोघं आपापली गाडी डावी-उजवीकडे हलवायचे, तेल मिसळावं म्हणून. निळा धूर शेडभर व्हायचा आणि त्या धुरात भांडण सुरू व्हायचं. संघपालला डायलिसिस लागलं तेव्हा त्यानंच दोन्ही टाक्या रिकाम्या करून ठेवल्या होत्या. म्हणाला होता, पेट्रोल पडून राहिलं की सडते गा, मी आलो की भरू.

तो आला नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यानं मार्तंडला जवळ बोलावलं. आवाज गेला होता, पण खोड गेली नव्हती.

"मी गेलो की दोन्ही चालव."

"फालतू बोलू नको बे."

"ऐक ना. त्याच ट्रॅकवर, एकाच दिवशी. तू चालव दोन्ही. आणि खरं सांगजो. मी मेलो म्हणून मले जिंकवशीन, तर पाहजो मंग."

मार्तंडनं मान हलवली. चाळीस वर्षांची शपथ मोडायची होती, आणि मोडायला लावणाराच सांगत होता. त्याला नाही म्हणता आलं नाही.

डिसेंबरात संघपालची मुलगी प्रीती पुण्याहून आली. तिथं कॉलेजात शिकवते. बाबांचं घर आवरायचं होतं, आणि सुझुकी ती पुण्याला नेणार होती. बाबांनी तिलाही सांगून ठेवलं होतं, आधी रेस, मग गाडी हलवायची. एका रविवारी सकाळी टेम्पोत दोन्ही गाड्या चढवून ते कोराडीकडे निघाले. प्रेमिलानं थालीपिठं बांधून दिली आणि मार्तंडला दरवाज्यात थांबवून म्हणाली, "वय पाहा आपलं. पडाल-बिडाल." तो म्हणाला, "पडलो तर म्हशीवरूनच पडीन."

जुन्या मैदानाचा अर्ध्याहून जास्त भाग प्लॉट पाडून तारांनी घेरला होता. पण सरळ पट्टा, पुढचं मोठं वळण आणि परत यायची वाट शिल्लक होती. कडेला राखेसारखी करडी धूळ बसलेली.  मार्तंडनं कॅन उघडलं, दोन्ही टाक्यांत पेट्रोल ओतलं, पिशवीतून स्टीलचं माप काढलं आणि सुझुकीच्या टाकीत तेल घातलं. झाकण लावलं, गाडी डावी-उजवीकडे हलवली. माप फडक्यानं पुसून टेम्पोत ठेवलं. नेहमीसारखंच सगळं. प्रीती बघत होती. लहानपणी ती त्या शेडमधल्या रविवारांना यायची, पण तिला आठवत होता तो धूर आणि प्रेमिलाकाकूंची बिस्किटं.

"वेळ मी मोजते काका. पण दोन्ही झाल्याशिवाय आकडा सांगणार नाही."

"सांगूच नको वं. सांगितलं तर मन खराब होते माणसाचं."

आधी सुझुकी. मार्तंड तिच्यावर बसला. जन्मात पहिल्यांदा बसला. डाव्या मुठीचं रबर एका जागी झिजून खोलगट झालं होतं, संघपालच्या अंगठ्याखालची जागा. मार्तंडचा अंगठा तिथं बरोबर बसला. त्यानं किक मारली. निळा धूर निघाला.

पहिली चक्कर त्यानं हळू मारली, ओळख करून घेतली. दुसरीला सोडली. आणि काय सांगावं, ती शेळी नव्हतीच. वळणात तिनं स्वतःहून मान टाकली, मागचं चाक मातीत सरकलं आणि जिथं हवं तिथंच थांबलं. आपण काही केलं असं वाटलंच नाही त्याला. येझदीला त्या वळणात जी मारामारी करावी लागायची तिचं नावही नाही. बाहेर पडताना तो हेल्मेटच्या आत ओरडला, "अरे हरामखोरा!" हे कौतुक होतं, आणि ऐकणारा तिथं नव्हता. एवढी वर्षं तो जिला नावं ठेवत होता ती गाडी इतकी चांगली होती, आणि हे त्यानं एकदाही संघपालला सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणून नाही, पण एकदा तरी म्हणता आलं असतं, असं त्याला फार लागलं.

गाडी थांबवून तो उतरला. प्रीतीनं विचारलं, "कशी आहे काका?"

"ठीक आहे," तो म्हणाला. तोंड वळवून त्यानं येझदीचा दांडा उलटा फिरवला.

आता त्याच्यापुढे पेच होता. हात जरा ढिला सोडला, वळणात थोडा आधी ब्रेक मारला, की झालं. संघपाल जिंकला असता. कोणाला कळलं असतं? पण दवाखान्यातला तो आवाज कानात बसला होता. मेलो म्हणून मले जिंकवशीन तर पाहजो. मार्तंडनं ठरवलं, अजिबात दया करायची नाही. म्हैस जेवढी पळेल तेवढी पळवायची, मग जे होईल ते खरं.

येझदी सुरू झाली. पहिली चक्कर हळू मारून तो प्रीतीसमोरून गेला तेव्हा ती हात हलवून काहीतरी ओरडत होती. इंजिनच्या आवाजात आणि हेल्मेटमध्ये त्याला काही ऐकू आलं नाही. पोरगी धीर देते आहे असं वाटून त्यानंही हात हलवला आणि थ्रॉटल पूर्ण पिळलं.

सरळ पट्टा अंगावर आला. तीच मुसंडी, तोच दणका, मनगटापासून खांद्यापर्यंत. सहासष्ट वर्षांचा माणूस अठ्ठावीसचा झाला. वळणात त्यानं तिच्याशी मारामारी केली, पाय खाली टेकवून ती वळवली, बाहेर काढली, परत पिळली. आणि परतीच्या वाटेवर इंजिनानं एक बारीक किंकाळी मारली आणि सगळं थांबलं. मागचं चाक घासत गेलं. जुन्या सवयीनं त्याच्या बोटांनी क्लच दाबला म्हणून तो वाचला. आवाज नाही, काही नाही, नुसती चाकं मातीवरून घरंगळत राहिली, आणि गाडी प्रीतीच्या बऱ्याच अलीकडे उभी राहिली.

जाम. हे त्याला पायांनीच कळलं. दांडा हलेना. त्यानं हेल्मेट काढलं, टाकीचं झाकण उघडून वास घेतला. नुसत्या पेट्रोलचा वास. तेलाचा मागमूस नाही.

मार्तंड भडकला. असा भडकला की मान वर न करताच टेम्पोच्या दिशेनं ओरडला, "संघ्या! तेल काहून नाही टाकलं बे?"

टेम्पोजवळ कोणी नव्हतं. धावत येणारी प्रीती जागच्या जागी थांबली.

मार्तंडनं वर पाहिलं. आपण काय बोललो ते त्याच्या कानांपर्यंत आत्ता पोहोचलं. तो गाडी उभी करायला गेला, स्टँड सापडेना, गाडी आडवी पडली आणि तिच्याशेजारी तो मातीत बसला. आणि रडला. भादव्यापासून जे येत नव्हतं ते सगळं आलं, लहान पोरासारखं, आवाज करून, नाक गळेपर्यंत.

प्रीती त्याच्याजवळ बसली.  म्हणाली, "धूर निघत नव्हता काका. बाबांच्या गाडीचा निघत होता. म्हणून मी ओरडत होते."

"मले माहीत आहे ना तेल टाका लागते," तो म्हणाला. "येवढी वर्षं पार्ट विकले. पोरालेही माहीत असते. पण ते माहं काम नव्हतं वं. त्याचं होतं. मी माह्या टाकीत कधी टाकलंच नाही."

ऊन वर आलं होतं. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते. प्रीतीनं विचारलं, "मग आता कोणती जिंकली म्हणायची?"

"तुह्या बापाची." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "वळणातच समजलं होतं मले. ही जाम झाली नसती तरी. हे खरं सांगून राहिलो, मेला म्हणून नाही."

मग ती उठली, टेम्पोतलं माप आणि तेलाची बाटली घेऊन आली. दोघांनी मिळून येझदी उभी केली. ती म्हणाली, "बाबा किती टाकायचे?"

आता टाकून काय उपयोग? पिस्टन चिकटला होता, इंजिन खोलल्याशिवाय काही होणार नव्हतं. हे तिला सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण त्यानं तिच्या हातातल्या मापावर बोट ठेवून दाखवलं.

"येवढं. काठापासून बोटभर खाली."

तिनं जपून तेल ओतलं, एक थेंब बाहेर न सांडता, आणि झाकण घट्ट फिरवलं. मग मार्तंडनं दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि बंद पडलेली गाडी डावी-उजवीकडे हलवत राहिला, तेल नीट मिसळावं म्हणून.